केमिस्ट्रीचा पेपर छापायला पैसे भरावेच लागतात का?

तुम्ही लिहिलंय की राज्य विद्यापीठात सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी चालू आहे. गाईड म्हणतात चांगल्या जर्नलला लाख-दीड लाख मोजावे लागतील, आणि मेलमध्ये रोज कुणी ना कुणी 3000 रुपयांत चार दिवसांत छापून द्यायला तयार. शिवाय ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आल्यावर छपाई फुकट झाली का, हेही विचारलंय.

मी एका विनाअनुदानित विज्ञान महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. हाच प्रश्न माझ्या टेबलाशी दर पंधरवड्याला येतो.

शेवटचं आधी. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ती योजना मुख्यतः वाचण्यासाठी आहे. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 जर्नल. अमेरिकन केमिकल सोसायटी त्यात आहे. लाभ सरकारी संस्थांना, म्हणजे तुम्हाला आहे, आम्हाला नाही. (आमची पोरं अजून ओळखीच्यांकडून पीडीएफ मागवतात, असो.) निवडक ओपन ॲक्सेस (म्हणजे कुणालाही मोफत वाचता येणाऱ्या) जर्नलमध्ये छापण्यासाठी वर्षाला 150 कोटींची तरतूदही जाहीर झाली होती, तुमच्या विद्यापीठाला त्यातलं काय मिळू शकतं ते तिथल्या ग्रंथपालांना विचारा.

आता गाईडचं म्हणणं. ते ओपन ॲक्सेसच्या शुल्काबद्दल बोलतायत, पण ते शुल्क सगळीकडे सक्तीचं नाही. ‘जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री’, ‘ऑरगॅनिक लेटर्स’, ‘ऑरगॅनिक अँड बायोमॉलिक्युलर केमिस्ट्री’ ही हायब्रिड जर्नल आहेत. त्यांचा खर्च वर्गणीतून निघतो, लेखकाने नेहमीच्या मार्गाने पेपर दिला तर एक रुपयाही लागत नाही. घोळ होतो तो पेपर स्वीकारल्यानंतर. करारनाम्याचा फॉर्म येतो, त्यात ‘ओपन ॲक्सेस’ असा पर्याय असतो, आणि आनंदाच्या भरात आपण त्याच्यावर टिक करून मोकळे होतो. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने ती केली आणि आठवड्याभरात डॉलरमधलं बिल हजर! प्रकाशकाला चार मेल गेले तेव्हा ते रद्द झालं. तो फॉर्म एकट्याने भरू नका, ग्रंथपालांना शेजारी बसवा.

‘आरएससी ॲडव्हान्सेस’ (2017 पासून) आणि ‘एसीएस ओमेगा’ मात्र पूर्ण ओपन ॲक्सेस आहेत, तिथे शुल्क आहे. नाव मोठ्या संस्थेचं दिसलं म्हणून तिथे आधी धावू नका.

पेपर सगळ्यांना खुला असावा आणि खिशालाही हात लागू नये, असंही जमतं. फ्रँकफर्टच्या बाइलस्टाइन संस्थेचं ‘बाइलस्टाइन जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री’ 2005 पासून लेखकाकडून काही घेत नाही, वाचकाकडूनही नाही. तुमच्या विषयाला तर ते नेमकं बसतं. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचं ‘केमिकल सायन्स’ही 2015 पासून तसंच, पण तिथे नकार पटकन येतो, मनाची तयारी ठेवून पाठवा. आणि छापून यायच्या आधी ‘केमआर्काइव्ह’ या वेबसाइटवर प्रीप्रिंट, म्हणजे छापण्याआधीचा मसुदा, टाकता येतो, तोही मोफत. फक्त पेटंटचा विचार असेल तर आधी पेटंटचा अर्ज, मग प्रीप्रिंट. एकदा जगजाहीर झालेली गोष्ट नवीन उरत नाही.

राहिले ते 3000 रुपयेवाले. रासायनिक संयुगाचा एनएमआर, एचआरएमएस (रचना आणि वस्तुमान पडताळणाऱ्या चाचण्या) नीट वाचून शेरा द्यायला रिव्ह्यूअरला, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाला, आठवडे लागतात. चार दिवसांत ‘ॲक्सेप्टेड’ येतो तेव्हा तो कुणी वाचलेलाच नसतो. पूर्वी यूजीसीची मान्य जर्नलची यादी हाताशी असायची, तिचीही अवस्था अशी होती की मे 2018 मध्ये 4305 जर्नल त्यातून काढावी लागली. मग पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून ‘केअर’ यादी चालायची, तीही 2025 च्या सुरुवातीला अधिकृतपणे बंद झाली. आता पारख आपली आपल्यालाच करायची आहे. डीओएजे म्हणजे खुल्या जर्नलची सूची, त्यात नाव शोधा. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, त्याच्या मूळ पोर्टलवर ताडून बघा, कारण जुन्या नामांकित जर्नलच्या नावाने बनावट वेबसाइट उभ्या राहतात. संपादक मंडळातल्या एखाद्याच्या संस्थेच्या पानावर त्या जर्नलचा उल्लेख आहे का तेही पाहा. मला सगळ्यात जास्त याच तपासणीने वाचवलंय.

पाठवण्याआधी एक काम: क्रिस्टल स्ट्रक्चर असेल तर केंब्रिजच्या सीसीडीसी या स्फटिक-रचनांच्या संग्रहात जमा करून क्रमांक घ्या, तो पेपरमध्ये लागतोच.

तुमचं काम पद्धतीवर आहे की नैसर्गिक पदार्थांवर, आणि किती संयुगं आहेत, ते लिहा. मग यातल्या कुठल्या जर्नलला आधी पाठवायचं ते ठरवू.