दोन मीटर डीएनए माणसाच्या एवढ्याशा पेशीत मावतो कसा?

नुसता कोंबून नाही, पद्धतशीर गुंडाळून. सगळं दहा हजार पट मोठं करून बघा. पेशीचं केंद्रक होईल मोसंबीएवढं, साधारण 6 सेंमी. आणि डीएनए? 20 किमी! ठाण्याहून वाशीपर्यंत पोचेल एवढा धागा, तोही केसाहून बारीक. अर्थात सलग नाही, त्याचे 46 तुकडे. एकेक तुकडा म्हणजे एकेक गुणसूत्र.

खरी गंमत पहिल्या गुंडाळीत आहे. डीएनएच्या कण्यातल्या फॉस्फेटवर ऋण भार असतो, हिस्टोन प्रथिनांवर धन. त्यामुळे दोघं एकमेकांना धरून बसतात. आठ हिस्टोनांचं एक रीळ, त्यावर 147 बेस-जोड्यांचे (म्हणजे डीएनएच्या शिडीच्या 147 पायऱ्यांचे) जेमतेम पावणेदोन वेढे, मग थोडा मोकळा धागा, की पुढचं रीळ. हे न्यूक्लिओसोम. पुस्तकात याला ‘मण्यांची माळ’ म्हणतात, पण इथे धागा मण्यातून नाही, मण्याभोवती जातो!

पुढे या माळेचे फास पडतात, ते आणखी दाटतात. गुणसूत्रांच्या चित्रांत दिसतो तो फुलीसारखा आकार मात्र पेशी विभागतानाच दिसतो. एरवी गुंडाळी बरीच सैल असते, नाहीतर जनुकं वाचणार कशी?