निवळी पांढरी झाली की थांबू नका

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकतंय, हे समजावताना अंड्याचं टरफल व्हिनेगरमध्ये टाकून दाखवलं. एकानं विचारलं, “बाई, समुद्राचं व्हिनेगर होणार का?” वर्ग हसला, मला उत्तर जमलं नाही. निम्म्या मुलांनी समुद्र पाहिलेलाही नाही. कसं शिकवू?

उत्तर : बाई, आधी त्या पोराची पाठ थोपटा. व्हिनेगरचा सामू (pH; सातच्या खाली आम्ल, वर अल्क) तीनच्या आतबाहेर, समुद्राचा 8.1. टरफल विरघळतं ते खरं, पण त्यातून मुलांच्या डोक्यात जो समुद्र बसतो तो खोटा. मीही काही वर्षं हाच घोळ घातलाय.

सुरुवात माती परीक्षणाच्या कागदापासून करा. सामू हा शब्द तुमच्या मुलांच्या घरातच आहे. माझ्या वर्गात नदीकाठच्या गावचा एक मुलगा तो कागद नाचवत म्हणाला होता, “सर, आमचं रान चोपण, सामू साडेआठ. समुद्राचा आठ. मग आम्ल कुठाय?” बिनतोड सवाल. समुद्र आजही अल्कधर्मीच आहे. तो आम्लाच्या दिशेनं सरकतोय, एवढंच म्हणायचं. औद्योगिक क्रांतीआधी सामू 8.2च्या आसपास होता. 0.1चा फरक ऐकून मुलं नाक मुरडतील. सामू एकानं उतरला की आम्लपणा आणणारे हायड्रोजन आयन दहापट होतात, म्हणून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर 10चा 0.1 घात काढायला लावा. उत्तर 1.26. म्हणजे पाण्यात हायड्रोजन आयन सव्वापट झाले. हवेतला कार्बन डायऑक्साइड तेव्हा दहा लाखांत 280 भाग होता, आता 420च्या वर गेलाय, आणि आपण सोडतो त्याचा साधारण चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो; पाण्यात मिसळून त्याचं सौम्य आम्ल होतं.

आता प्रयोग. चुन्याची निवळी तुम्ही दरवर्षी करता. नळीनं फुंकलं, पांढरी झाली, वहीत निरीक्षण लिहिलं, परीक्षानळी धुतली. तिथं थांबू नका. वायू सोडतच राहा. पांढरेपणा विरत जातो आणि पाणी पुन्हा नितळ होतं. जे पांढरं आलं ते कॅल्शियम कार्बोनेट, शिंपला ज्याचा बनतो तेच. आधी वायूनं ते बनवलं, मग त्याच वायूनं विरघळवलं. वर्ग गप्प होतो बघा.

पण माझी फजिती ऐकून ठेवा. निवळी जशीच्या तशी घेतली तर तास संपतो, पांढरेपणा संपत नाही. म्हणून पातळ करायला शाळेच्या बोअरचं पाणी ओतलं, तर फुंकायच्या आधीच गढूळ! जड पाणी, दुसरं काय. शेवटी गॅरेजमधून बॅटरीचं पाणी (ॲसिड नव्हे, बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी) आणलं; एक भाग निवळी, चार भाग पाणी. चुना पानटपरीवरचा चालतो. तोंडानं फुंकून दम लागतो, आणि एका बहाद्दरानं फुंकायच्या ऐवजी ओढलं होतं. तेव्हापासून बाटलीत खाण्याचा सोडा, वर लिंबू पिळायचं आणि झाकणातून सलाईनची नवी नळी. द्राक्षबागायतदाराचं पोर लगेच म्हणेल, “ठिबक चोंदलं की ॲसिड सोडतात तसंच की!” तसंच.

इथं एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा : समुद्रात शिंपले असे डोळ्यांदेखत विरघळत नाहीत. वाढलेले हायड्रोजन आयन पाण्यातल्या कार्बोनेटला धरून त्याचं बायकार्बोनेट करतात, आणि कालव या शिंपल्यातल्या जिवाच्या पिल्लाला कवच बांधायला माल कमी पडतो. अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावर 2007च्या सुमाराला कालवांच्या पैदास केंद्रात पिल्लं मोठ्या संख्येनं मेली. खोलातलं, कार्बन डायऑक्साइडनं भरलेलं गार पाणी किनाऱ्याला वर आलं होतं. पुढं तिथं पाणी तपासून त्यात धुण्याचा सोडा मिसळू लागले. आयुष्यात कालव न पाहिलेल्या पोरांनाही हा सोडा लक्षात राहतो.

राहिला किनारा. नकाशावर कृष्णेवरून महाबळेश्वरपासून बोट फिरवत न्या : सांगलीचा आयर्विन पूल, कर्नाटक, आणि शेवट आंध्रात हंसलदीवीला, बंगालच्या उपसागरात. सावित्री नदीही महाबळेश्वरातूनच निघून अरबी समुद्राला जाते. नद्यांतून येणाऱ्या खतावर किनाऱ्याला शेवाळ माजतं, मरतं, कुजतं, आणि कुजताना कार्बन डायऑक्साइड सोडतं. म्हणून किनाऱ्याचं पाणी आम्लाकडे सरकण्यात कधी कधी खुल्या समुद्राच्या पुढं धावतं. मध्ये आलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर ही धरणं आहेत, तेव्हा सगळं खापर आपल्या उसाच्या युरियावर फोडू नका. पण ‘समुद्राशी आपला काय संबंध’ हा प्रश्न मुलं परत विचारत नाहीत.

प्रश्न : घरी मिठाचं पाणी करून समुद्र म्हणून वापरलं तर चालेल का? (दहावीतली विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : नुसतं मीठ नको, बाळ. लिटरभर बॅटरीच्या पाण्यात 35 ग्रॅम मीठ आणि चिमटीच्या टोकावर मावेल इतकाच, 0.2 ग्रॅम, खाण्याचा सोडा. समुद्राला सामू सांभाळायला जो आधार असतो तो सोड्यातून येतो. दुसऱ्या पेल्यात सोड्याशिवायचं मिठाचं पाणी घे. दोन्हीत जांभळ्या कोबीचा रस टाक. सोड्याचा पेला निळसर दिसेल. वर सांगितलेल्या नळीनं दोन्हीत सारखाच वायू सोड आणि कोणता आधी लालसर होतो ते बघ. कोबी उकळून घे, नुसता चिरून रस फार फिका येतो.