मेंदूचे दोन भाग एकमेकांशी कसे जोडलेले असतात? ‘डाव्या मेंदूची माणसं’ खरंच असतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नसतात. गणित जमलं की डावा मेंदू आणि चित्रकला जमली की उजवा, या समजाला आधार नाही. 2013 साली यूटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारावर लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले. एकच बाजू सर्वत्र वरचढ आहे, असं त्यांना कुणातच आढळलं नाही.

विभागणी मात्र खरी आहे. मोठ्या मेंदूच्या मधोमध पुढून मागे खोल खाच असते आणि तिच्या तळाशी सुमारे 10 सेंटिमीटर लांबीचा पांढरा पट्टा असतो. हा कॉर्पस कॅलोसम. अंदाजे 20 कोटी मज्जातंतू त्यातून या गोलार्धातून त्या गोलार्धात जातात. डावा गोलार्ध शरीराची उजवी बाजू हलवतो, उजवा डावी. बोलण्याचं काम बहुतेकांमध्ये डावीकडे चालतं. नजरेच्या बाबतीत मात्र अनेकांचा गोंधळ होतो. समोर एका बिंदूवर नजर ठेवली, तर त्या बिंदूच्या डावीकडचं सगळं, दोन्ही डोळ्यांनी पाहिलेलं, उजव्या गोलार्धात पोहोचतं.

तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये झटके पसरू नयेत म्हणून हा पट्टा कापत असत. रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझानिगा यांनी 1960च्या दशकात अशा रुग्णांच्या चाचण्या घेतल्या. पडद्यावर डावीकडे क्षणभर एखाद्या वस्तूचं नाव दाखवलं, तर रुग्ण म्हणायचा, “काही दिसलं नाही.” पण त्याचा डावा हात पडद्याआडून चाचपडत नेमकी तीच वस्तू उचलायचा!

मला सगळ्यात थक्क करतो तो गॅझानिगांचा नंतरचा एक प्रयोग. रुग्णाच्या डाव्या गोलार्धाला कोंबडीचा पंजा दाखवला, उजव्याला बर्फाने झाकलेलं घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारी चित्रं निवडायला सांगितलं. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने फावडं. फावडं का? बर्फ उपसायला, हे उघड आहे. पण बोलणाऱ्या डाव्या गोलार्धाने बर्फ पाहिलाच नव्हता. तरी रुग्णाने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तेच खरं कारण वाटत होतं.

स्पेरींना 1981 साली नोबेल मिळालं. एरवी हे रुग्ण चालायचे, बोलायचे, रोजची कामं करायचे. काही माणसांमध्ये तर हा पट्टा जन्मतःच नसतो, पण वरच्यासारख्या चाचण्यांत ती सहसा अडत नाहीत. वाढत्या मेंदूत इतर छोट्या जोडण्या बरंचसं काम उचलतात.