नाशिकमध्ये भंगारातून घेतलेलं छोटं गॅस टर्बाइन पेट घेतं, पण आरपीएम (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) मध्येच अडकतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढत जातं. इंजिन खोलावं का?

लगेच नको. आधी इंधन बंद करा, तापमान चढू देत थांबू नका. टर्बाइनची पाती काही सेकंदांत जातात.

अनेकदा दोष स्टार्टरच्या बाजूला असतो. लोड असताना, म्हणजे स्टार्टर फिरत असताना, बॅटरीचं व्होल्टेज मोजा. इंजिन स्वतःच्या बळावर फिरू लागेपर्यंत स्टार्टरने साथ सोडता कामा नये. मग थंड इंजिनाचा रोटर (फिरणारा दांडा आणि त्यावरची चाकं) हाताने फिरवून बघा: घासल्याचा आवाज किंवा जडपणा आला तर बेअरिंग संशयित, आणि तेव्हाच खोला. इंधनाचं नॉझल बाहेर काढून त्याचा फवारा तपासा, धार पडत असेल तर साफ करा. कॉम्प्रेसरवरची धूळही हाच त्रास देते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर, त्यात एप्रिल-मेचं ऊन, म्हणजे हवा विरळ. चाचणी पहाटे घ्या.

खोललंच तर प्रत्येक जोडावर आधी खुणा करा. रोटरचं डायनॅमिक बॅलन्सिंग (मशीनवर फिरवून वजनाचा तोल साधणं) टाळू नका. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत चौकशी करा, पण एवढा हलका रोटर त्यांच्या मशीनवर बसतो का ते आधी विचारा. तेल टर्बाइनचंच सिंथेटिक, गाडीचं नाही. आणि चाचणीच्या वेळी टर्बाइनचं चाक ज्या रेषेत फिरतं त्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, बघायला आलेला मित्रसुद्धा.