ट्रकच्या डावीकडून निघू नका, आणि इतर उत्तरे

दुचाकीबद्दल प्रश्न मागवले की निम्मे हेल्मेटचे येतात आणि उरलेले चालानचे. यावेळी बऱ्याच जणांनी प्रत्यक्ष चालवण्याबद्दल विचारलंय, ते बरं झालं. हेल्मेट डोकं वाचवतं. पण डोकं आपटण्याची वेळ येणार की नाही, हे तुम्ही रस्त्यावर गाडी कुठे ठेवता आणि भोवती किती जागा सोडता यावर ठरतं. म्हणून पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : नागपुरात मनीषनगरला राहतो, बुटीबोरी एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करतो. वर्धा रोडवर ट्रक उजवी लेन सोडतच नाहीत. हॉर्न वाजवून उपयोग नाही. डावीकडून काढायची तर भीती वाटते, मागे राहिलो तर पंचिंग चुकतं. काय करावं?

पंचिंग चुकू द्या, असं मी सांगणार नाही. सांगितलं तरी तुम्ही ऐकणार नाही. पण ट्रकवाल्याला काय दिसतं ते आधी समजून घ्या. तो उजव्या बाजूला, उंचावर बसलेला असतो. डाव्या दारालगतचा पट्टा, बंपरच्या अगदी पुढची जागा आणि मागच्या फाळक्यालगतची जागा, या तिन्ही ठिकाणी दुचाकी असली तर त्याला ती दिसत नाही. आरसे असतात, पण धुळीने माखलेले. म्हणजे डावीकडून चिकटून जाणारा माणूस त्याच्या लेखी रस्त्यावर नसतोच. खापरीजवळ त्याला मिहानकडे वळायचं असतं, नाहीतर जामठ्याच्या पुढे ढाब्यावर थांबायचं असतं, आणि तो स्टिअरिंग डावीकडे घेतो. अशा अपघातात धडक जोरात बसावी लागत नाही. हँडलला नुसता धक्का लागला तरी गाडीवाला मागच्या चाकांच्या दिशेने पडतो.

एक खूण लक्षात ठेवा. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसला, तर तुम्हीही त्याला दिसू शकता. चेहरा दिसत नसेल तर हॉर्नवर विसंबू नका. आत इंजिनाची घरघर आणि वर गाणी चालू असतात.

ट्रक उजवी लेन सोडत नाहीत ही तुमची तक्रार खरीच आहे. डावीकडून जाण्यावाचून गत्यंतर नसेल तर मध्ये एक आख्खी लेन मोकळी सोडून, अगदी डाव्या लेनमधून जा. पुढे वळण, पेट्रोल पंप, ढाबा किंवा उभी ऑटो नाही हे आधी पाहा. डिपर द्या आणि एकदा निघालात की त्याच्या बरोबरीने रेंगाळू नका. लांब ट्रेलरच्या शेजारून जाताना आधी वारा अडतो आणि केबिनच्या पुढे आल्याबरोबर एकदम अंगावर येतो, तेव्हा हँडल घट्ट धरलेलं असू द्या. दोन ट्रकांच्या मधल्या फटीतून मात्र कधीच नाही. त्या फटीतून रोज जाणारे तुमच्याच कंपनीत असतील. त्यांचं ऐकू नका.

रात्रपाळीचा धोका वेगळा आहे. लो बीमवर तुम्हाला जेमतेम ४० ते ५० मीटर रस्ता दिसतो. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. काहीतरी दिसून ब्रेकवर हात जाईपर्यंत तो एक सेकंद संपलेला असतो, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. बेरीज करून पाहा. पुढे टायर फुटलेला ट्रक उभा आहे, मागचा दिवा बंद, खुणेसाठी दोन दगड आणि एक झाडाची फांदी ठेवलेली. तो तुम्हाला दिसेल तेव्हा थांबायला जेमतेम जागा उरलेली असेल. पाळी करून थकलेल्या माणसाला तो एक सेकंदही पुरत नाही. म्हणून लो बीमवर ६० ही वरची मर्यादा समजा. हेडलाइटची काच रोज पुसा आणि पाठीवरच्या बॅगला चमकणारी पट्टी चिकटवा. कंपनीची बस असेल तर निदान रात्रपाळीच्या आठवड्यात बसने जा. उमरेड आणि काटोल रोडवाल्यांनी ट्रकसोबत रोही (नीलगाय) आणि रानडुकराचाही हिशोब धरावा. एक रोही रस्ता ओलांडून गेला की मागे दुसरा असतोच असं धरून चाला.

प्रश्न : वडील सांगतात, पुढचा ब्रेक दाबायचा नाही, गाडी उलटते. मी फक्त पायाचाच ब्रेक वापरतो. पावसाळ्यात दोनदा मागचं चाक घसरलं. ब्रेक शू बदलू का?

शू बदलायचे असतील तर बदला, पण घसरण्याचं कारण ते नाही. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकावर सगळा जोर दिला की ते जाम होतं आणि घसरतं. गाडी थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. वडिलांची भीती अगदीच खोटी नाही: वळणावर, वाळूवर किंवा हँडल तिरपं असताना पुढचा ब्रेक एकदम आवळला तर गाडी आडवी होते. पण त्यावर उपाय तो ब्रेक सोडून देणं नव्हे. हँडल सरळ करा, दोन्ही ब्रेक एकाच वेळी लावा, आणि पुढचा झटक्याने न ओढता दाब वाढवत न्या. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात तीसच्या वेगाने हेच पुन्हा पुन्हा करा. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंधनकारक आहे. त्याखालच्या गाड्यांत बहुधा सीबीएस असतं, म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा लागतो. तुमच्या गाडीत काय आहे ते माहिती-पुस्तकात पाहून घ्या.

आता पावसाचं. पहिल्या सरींनी रस्त्यावरची धूळ आणि सांडलेलं ऑइल भिजतं, आणि तेव्हाच सर्वांत जास्त घसरतं. चांगला जोराचा पाऊस होऊन रस्ता धुतला गेला की जरा बरं. बांधकामावरून निघालेल्या ट्रकच्या चाकांबरोबर आपली काळी माती चौकापर्यंत येते. ओली झाली की ती साबणासारखी होते. गटाराची लोखंडी झाकणं आणि झेब्राचे पांढरे पट्टे यांच्यावर ब्रेक लावू नका. सिमेंट रोडचा आपल्या शहराचा खास प्रश्न म्हणजे कडा. रस्ता उंच, बाजूचे गट्टू खाली, मध्ये चार बोटांची पायरी. त्या कडेला समांतर जात जात वर चढायचा प्रयत्न केला की पुढचं चाक कडेला धरून चालतं आणि गाडी पडते. थोडं लांब घ्या, वेग कमी करा आणि शक्य तितकं आडवं चढा.

टायरही बघा. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. बाजूला कोरलेले चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचा टायर दिसायला चांगला असला तरी नागपूरच्या उन्हात कडक झालेला असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा.

प्रश्न : कॉलेजला स्कुटीने जाते. मे महिन्यात स्कार्फ, सनकोट आणि त्यावर हेल्मेट म्हणजे जीव गुदमरतो. हेल्मेट सैलही वाटतं. नुसता स्कार्फ चालणार नाही का?

स्कार्फने ऊन अडतं, रस्ता नाही. पण तुमचा त्रास खरा आहे आणि तो बहुतेक गाठीमुळे होतो. डोक्याच्या मागे गाठ मारली की हेल्मेट पुढे ढकललं जातं आणि आपण पट्टा सैल सोडतो. पातळ सुती स्कार्फ घ्या, गाठ मानेजवळ बांधा आणि टोकं सनकोटच्या आत खोचा. कपाळावरून स्कार्फ इतका पुढे नको की बाजूचं दिसेनासं होईल. हेल्मेट विकत घेतानाही स्कार्फ बांधूनच घालून पाहा. पट्टा लावून मान हलवली तर हेल्मेटबरोबर गालाची कातडीही हलली पाहिजे. मागून वर ओढलं तर डोक्यातून निघता कामा नये. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, त्याहून जास्त नाही.

फुटपाथवरचं दीड-दोनशेचं टोपलं घेऊ नका. १ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं-विकणं बेकायदा आहे, तरी ते मिळतं. खरं काम बाहेरचं कवच नव्हे, आतला थर्माकोलसारखा थर करतो. तो दबतो म्हणून डोकं वाचतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं तरी बदलायचं ते याचसाठी.

भर उन्हाळ्यात दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात. उन्हात थांबावं लागत नाही म्हणून लोक खूश होतात आणि चारही बाजूंनी एकदम घुसतात. तिथे हिरवा दिवा नाही हे लक्षात ठेवूनच जा. गरगरायला लागलं तर सावलीत गाडी लावा, पाणी प्या, घरी फोन करा.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे, ट्यूशन धरमपेठला. सगळेच गाडीने येतात. रस्त्यात पोलीस नसतात. देऊ का?

नाही. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं. तुमच्या घरची स्कूटर त्यात बसत नाही. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ नुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. दुकानदार ‘हिला लायसन्स लागत नाही’ म्हणून इलेक्ट्रिक गाडी दाखवेल. ते खरं असतं ते २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या गाडीचं. वेग वाढवून दिलेली गाडी त्यात मोडत नाही. पोलीस नसतात हे मात्र तुम्ही मुलासमोर बोलू नका.

प्रश्न : मित्रांबरोबर बुलेटवर समृद्धीने शिर्डीला जायचंय. चालतं का?

चालत नाही. समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे. जुन्या रस्त्याने जा, मुक्काम करत जा.

प्रश्न : आई साडी नेसून मागे एका बाजूने बसते. पदर चाकात जाईल अशी भीती वाटते.

भीती बरोबर आहे. मागच्या चाकाचं आवरण, पाय ठेवायची पट्टी आणि हाताने धरायची मूठ हे तिन्ही नियमाने बंधनकारक आहेत. ‘लूक’साठी साडी गार्ड काढला असेल तर आजच लावून घ्या. पदर आणि ओढणी पुढे घेऊन खोचायची, आणि निघण्याआधी एकदा मागे वळून बघायचं. हेल्मेट त्यांनाही लागतं.

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत मांजाच्या भीतीने गाडी काढावीशी वाटत नाही. काय खबरदारी घ्यावी?

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली, तरी ‘ओ काट’चा आवाज सुरू झाला की तो गल्लोगल्ली दिसतो. सुती मांजा ताण आला की तुटतो. नायलॉन तुटत नाही, कापत जातो. गळ्याला जाड मफलर किंवा नेक गार्ड बांधा, कॉलर वर करा, व्हायजर खाली ठेवा. हँडलवर बसवायची उभी तार मिळते, ती या दोन महिन्यांसाठी लावाच. लहान मुलाला पुढे उभं करू नका. संक्रांतीच्या दिवशी उड्डाणपुलांवरून जाऊ नका. पोलीस त्या दिवशी ते दुचाकींसाठी बंद ठेवतात, आणि त्याला कारण आहे. वस्तीतून ताशी तीसच्या वर जाऊ नका. समोर दोरा दिसला तर गाडी वळवू नका, सरळ रेषेत ब्रेक लावा, मान खाली घ्या. चालत्या गाडीवर हाताने दोरा ओढला तर बोटं जातात.

प्रश्न : रिंग रोडवर एक मुलगा पडलेला पाहिला. लोक व्हिडिओ काढत होते. पोलिसांच्या झंझटीत पडायला नको म्हणून मीही थांबलो नाही. थांबलो असतो तर काय करायला हवं होतं?

झंझटीची भीती आता धरू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलं आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही.

थांबलात तर आधी येणाऱ्या गाड्या अडवायला कुणाला तरी मागे उभं करा, पडलेल्या गाडीची चावी बंद करा, १०८ आणि ११२ ला फोन करा. चौकाचं नाव माहीत नसेल तर जवळच्या मेट्रो पिलरचा नंबर किंवा दुकानाची पाटी वाचून दाखवा. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. फक्त काच वर करा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा आणि सोडू नका. पाणी पाजू नका. स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेण्याची आपल्याकडे रीत आहे, ती घातक आहे. ॲम्ब्युलन्सला वेळ लागत असेल तर चारचाकीवाला थांबवा आणि तिघा-चौघांनी मान सरळ ठेवून उचला.

पैशांचा प्रश्न निघाला तर मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या कॅशलेस योजनेत अपघातग्रस्तावर ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. खासगी दवाखाना दारातच अॅडव्हान्स मागत असेल तर तिथे वाद घालण्यात वेळ घालवू नका, थेट मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ट्रॉमा सेंटरला न्या.