अंगठा वडिलांचाच हवा

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६८) मधुमेहाच्या नव्या गोळीच्या चाचणीत घ्यायचं म्हणतात. संमतीपत्र चांगलं बावीस पानी आहे. वडिलांना वाचता येत नाही. 'मुलानं सही केली तरी चालेल, फॉर्मॅलिटी असते,' असं तिथला समन्वयक म्हणाला. करू का सही? आणि मधेच नको वाटलं तर बाहेर पडता येतं का?

उत्तर : तुम्ही सही करू नका. वडिलांना वाचता येत नाही, पण समजतं ना सगळं? मग संमती त्यांचीच. अशा वेळची रीत ठरलेली आहे. चाचणीशी काडीचाही संबंध नसलेला साक्षीदार बसवायचा, त्याच्यादेखत सगळं वाचून समजावायचं, मग वडिलांचा अंगठा आणि साक्षीदाराची सही. तुम्ही शेजारी बसून खुशाल शंका विचारा.

'फॉर्मॅलिटी' ऐकलं की माझं डोकं फिरतं. अशा चाचण्या तपासून परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीवर बरीच वर्षं काढली आहेत मी. अमेरिकेत टस्कीगीला १९३२ पासून ४० वर्षं सिफिलिसच्या कृष्णवर्णीय रुग्णांना आजाराचं खरं नाव न सांगता नुसतं निरखत ठेवलं, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही दिलं नाही. तेही माणसांवरच्या प्रयोगांचे नियम सांगणाऱ्या १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेत स्वेच्छेची संमती हे पहिलंच कलम असताना! (बावीसपैकी बरीच पानं वकिलांसाठी असतात, हेही खरं.)

एका बाईंना संपूर्ण पत्रक वाचून दाखवल्यावर मी विचारलं होतं, "तुम्हाला काय मिळणार?" म्हणाल्या, "नवं, चांगलं औषध." कोणाला खरी गोळी आणि कोणाला बिनऔषधाची, हे संगणक ठरवणार, डॉक्टरांनाही ते ठाऊक नसणार, हे त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं. म्हणून वडिलांनाच त्यांच्या शब्दांत सांगायला लावा : काय होणार, धोका कोणता, भाग घेतला नाही तर कोणते उपचार मिळतील. अडखळले तर अंगठा दुसऱ्या दिवशी.

बाहेर केव्हाही पडता येतं, कारण न देता. नेहमीचे उपचार त्यामुळे थांबवता येत नाहीत. फक्त गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगून सोडा. तोवर घेतलेल्या रक्ताचं आणि माहितीचं काय करणार, ते आधीच विचारून ठेवा. पत्रकाची एक प्रत तुमच्याकडे राहते. एथिक्स कमिटीचा फोन नंबर तिच्यावर असायलाच हवा. नसेल तर तिथेच मागून घ्या.