उपमा कुठे मोडते?

प्रिय,

तुझी भौतिकशास्त्राची वही पाहिली. पहिल्याच पानावर चौकटीत लिहिलं आहेस, 'बल म्हणजे जाहिरातीचं बजेट, वेग म्हणजे विक्री.' आणि खाली तक्रार, की समजतं सगळं, पण गणितं चुकतात. गणितं त्या चौकटीमुळेच चुकतात.

बजेट थांबलं की विक्री घसरते, हे तू रोज डॅशबोर्डवर पाहतेस. त्यामुळे बल थांबलं की वेगही संपतो, असं तुझ्या अंगवळणी पडलं आहे. अ‍ॅरिस्टॉटलची समजूत साधारण अशीच होती. तुझं चौथं गणित बघ: २ किलोची वस्तू, घर्षण नाही, स्थिर अवस्थेतून १० न्यूटन बल ३ सेकंद लावलं. त्वरण ५ मीटर प्रति सेकंद वर्ग, वेग १५ मीटर प्रति सेकंद. इथवर बरोबर. मग बल काढलं आणि तू पाचव्या सेकंदाला वेग शून्य लिहिलास. तो १५च राहतो. बल वेग टिकवत नाही, वेग बदलतं.

म्हणजे उपमा टाकाऊ का? नाही, ती चुकीच्या प्रकरणात घातलीस. घट्ट तेलात गोळी ढकल. तेलाचा विरोध वेगाबरोबर वाढत जातो, ढकलण्याइतका झाला की वेग स्थिरावतो. हात काढलास की वेग ठरावीक काळात ठरावीक पटीनं घटतो. लोक जाहिरात विसरतात तेही बरंचसं असंच. तुझी विक्री तेलात चालते आणि पाठ्यपुस्तकातली वस्तू निर्वातात. उपमा कुठे मोडते ते लिहिलं असतंस, तर तेल आधीच दिसलं असतं.

उपमा कुठे मोडते ते लिहिल्याशिवाय पान उलटायचं नाही. हे मी पुन्हा म्हणणार आहे, कंटाळा आला तरी.

आता एक चांगली उपमा घे. कन्व्हर्जन रेट, म्हणजे पेजवर येणाऱ्यांपैकी किती टक्के खरेदी करतात, ते तापमान; व्हिजिट्स, म्हणजे पेजला दिलेल्या भेटी, ते पाण्याचं वस्तुमान. एका पेजवर १,००० व्हिजिट्स आणि २ टक्के, दुसऱ्यावर ३,००० आणि ४ टक्के. एकत्र किती? ६ नाही, ३ही नाही. खरेद्या २० अधिक १२०, म्हणजे १४०. भागिले ४,०००, म्हणजे ३.५ टक्के. आता १ किलो पाणी २० अंशांचं, ३ किलो ४० अंशांचं, मिसळ. बाहेर उष्णता गेली नाही तर ३५ अंश. आकडेमोड तीच. तापमानाची बेरीज होत नाही, उष्णतेची होते, हे तुला आता कुणी वेगळं शिकवायला नको. पण मोडते कुठे? पाणी मिसळलं की ऊब आपोआप गरमाकडून गाराकडे जाते आणि सगळं एकसारखं होतं. तुझी दोन पेजेस शेजारी ठेवली म्हणून त्यांचे रेट सारखे होत नाहीत, ३.५ ही नुसती सरासरी आहे. उष्मागतिकीचा दुसरा नियम या उपमेत नाहीच. लिही ते.

विल्यम रेली या बाजारपेठेच्या अभ्यासकानं १९३१ मध्ये किरकोळ व्यापारासाठी गुरुत्वाकर्षणाचाच साचा उचलला: शहराची ओढ लोकसंख्येच्या सम प्रमाणात, अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. ९०,००० आणि १०,००० वस्तीची शहरं ४० किलोमीटरवर असतील तर गिऱ्हाइकांची सीमा लहान शहरापासून १० किलोमीटरवर येते, कारण ९ चं वर्गमूळ ३, आणि ३ अधिक १ असे ४० चे चार भाग. पृथ्वी चंद्राच्या सुमारे ८१ पट जड, अंतर सुमारे ३,८४,००० किलोमीटर. वर्गमूळ ९, दहा भाग. दोघांची ओढ सारखी होते ती जागा चंद्रापासून सुमारे ३८,४०० किलोमीटरवर. इथवर मजा. पण गुरुत्वाकर्षणातला 'वर्ग' त्रिमितीय अवकाशातून येतो, ओढ गोलाच्या पृष्ठभागावर पसरत जाते म्हणून. रेलीचा वर्ग निरीक्षणांना जुळवलेला आहे. रस्ते सुधारले, माल बदलला की घातांकही बदलू शकतो. शिवाय दगड पृथ्वीला तितक्याच बलानं ओढतो. गिऱ्हाईक शहराला ओढत नाही.

तुला वाटेल, हा माणूस उपमांचा वैरी आहे. अजिबात नाही. 'बल म्हणजे बजेट' मीही मुलांना बिनदिक्कत सांगितलं आहे, अन् ते पुसायला त्यांना किती त्रास झाला असेल याची खंत आहे. म्हणून हट्ट धरतो. अतिरेक वाटला तर वाटू दे.

वहीत तीन रकाने आख. पहिल्यात भौतिकशास्त्रातली राशी, एककासह. दुसऱ्यात तुझ्याकडची राशी, तीही एककासह. 'प्रति दिवस' की 'एकूण' हे नक्की लिही, निम्म्या चुका तिथेच होतात. तिसऱ्यात उपमा मोडण्याची जागा. तिसरा रिकामा राहिला तर उपमा अचूक निघाली असं समजू नकोस, तू शोधलं नाहीस एवढंच. मग वही मिटून, बाजाराचा एकही शब्द न वापरता, त्याच संकल्पनेची दोन गणितं सोडव.

सुरुवात सतराव्या पानापासून कर. तिथे 'ब्रँडचं मोमेंटम' लिहिलं आहेस. मोमेंटम, म्हणजे संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. ब्रँडचं वस्तुमान कशात मोजलंस ते लिहून पान परत पाठव, तिसऱ्या रकान्यासकट.